लांब नावाचं खातं

यंत्राने तिसऱ्यांदा "सॉरी" म्हटलं, तेव्हा आक्कांनी त्याला सुनावलं, "दर खेपेला माफी मागतेस, सुधारत मात्र नाहीस."

यंत्र बाईच्या आवाजात बोलायचं म्हणून "मागतेस". एका परगावच्या मोठ्या इस्पितळाचं हे यंत्र. पूर्वी तिथे फोन जोडून द्यायला माणूस बसायचा. त्याला पगार लागायचा आणि दुपारी झोपही लागायची, म्हणून त्याला काढून ही बया बसवली. तिचं म्हणणं एवढंच, की कोणतं खातं हवं ते इंग्रजीत सांगा, जोडून देते. आक्कांना जे खातं हवं होतं त्याचं नाव अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी. शाळा तिसरीत सुटलेल्या आणि तोंडात कवळी असलेल्या बाईने हे नाव उच्चारावं, असं ज्याने ते ठेवलं त्याच्या मनात बहुधा नसावं.

त्या खात्यात आक्कांची लेक डॉक्टर होती. ऑपरेशनच्या आधी माणसाला भूल द्यायची आणि काम झालं की परत शुद्धीवर आणायचं, हे तिचं काम. सात महिन्यांपूर्वी ती दोन दिवस घरी आली असताना समोरच्या दारातली शेजारीण येऊन बसली आणि म्हणाली, "तुमची लेक नक्की करते काय हो?" आक्का तोऱ्यात म्हणाल्या, "कापायचं काम मोठे डॉक्टर करतात. ही नुसती झोपवते."

लेकीने कप खाली ठेवला. "आई, झोपवणं सोपं असतं. परत उठवायचंही असतं," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेली. तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला एक निरोप यायचा, "बरी आहेस ना, औषधं घे." हाच निरोप सात वेळा आला. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी.

आता चूक कुणाची होती ते आक्कांना त्याच दिवशी कळलं होतं. आक्कांना उशिरा कळतं असं कुणी म्हणू नये. पण त्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. सासरे चुकले की फळ सोलून, बिया काढून, बशी पुढ्यात सरकवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. आक्कांच्या यजमानांनी तर जन्मात कधी "चुकलं माझं" म्हटलं नाही, पण त्यांच्या हयातीत घरातली एकही बिजागरी कुरकुरली नाही, इतक्या वेळा तेल पडलं. तेव्हा आक्कांनीही ठरवलं, की लेकीच्या कामाचं नाव अख्खं पाठ करायचं आणि तिच्या कामाच्या जागी, तिच्या खात्यातून तिला बोलावून घेऊन ते तिला म्हणून दाखवायचं. झालं. त्यात सगळं आलं.

मोबाइलवर का नाही केला, असं कुणी विचारील. केला होता. एकदा. दोन घंट्या वाजल्या, कापला गेला, आणि "कामात आहे" असं लिहून आलं. आक्का मोडतील पण दुसऱ्यांदा फोन करणार नाहीत.

तर यंत्र. तीन वेळा चुकलं की ते माणसाला चौकशी खिडकीकडे ढकलायचं. चौकशी खिडकी दुरुस्तीसाठी बंद होती आणि तिची तार तात्पुरती तळघरातल्या लॉन्ड्रीत नेऊन ठेवली होती, कारण तिथे कुणी ना कुणी असतं. हे तात्पुरतं चौदा महिने चाललं होतं.

"लॉन्ड्री," पलीकडून एक जाडाभरडा आवाज आला. मागे यंत्रं घरघरत होती.

"मला लॉन्ड्री नकोय."

"कुणालाच नको असते, बाई. इथे सगळे चुकूनच येतात. बोला."

"माझी लेक तिथे डॉक्टर आहे. तिला जोडून द्या."

"ह्या फोनवरून पुढे लागत नाही. नुसता येतो. जोडून पाहिजे तर चौकशी खिडकीवर लेखी अर्ज द्यावा लागतो."

"मग चौकशी खिडकी द्या."

"ती बंद आहे. तिचाच फोन माझ्याकडे आहे."

"लेक त्या खात्यात आहे. अ‍ॅने... अ‍ॅनस... ते भुलीचं."

"लांब नावाचं खातं होय," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "कोटावर शिवलेलं असतं, खिशाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्हालाही म्हणता येत नाही. आम्ही लांब खातंच म्हणतो. त्यांच्यात एक कोट फार लहान मापाचा येतो. बाह्या दोनदा दुमडलेल्या. आणि खिशात पेन विसरलेलं. मागच्या महिन्यात एका पेनाने चाळीस चादरी निळ्या केल्या."

"माझीच ती," आक्का म्हणाल्या, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी लेकीची बातमी सांगितली. "लहानपणापासून तशीच. उंचीने माझ्यावर गेली, विसरण्यात बापावर."

"खिशात चिठ्ठी घालू का एखादी? कोट परत जातो तेव्हा."

"चिठ्ठ्या पळपुटी माणसं लिहितात," आक्कांनी सांगितलं. "मी बोलणार आहे. उच्चार जरा बसू दे."

"बसवा. जमलं की मग आमच्याकडे कशाला याल," तो म्हणाला आणि त्याच्या यंत्राने शिट्टी मारली म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी अकराला आक्का पदर खोचून फोनपुढे बसू लागल्या. यंत्र तीनदा सॉरी म्हणायचं, आणि मग लॉन्ड्री.

उच्चार बसवायचा तर मास्तर हवा, आणि तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर होता. एकतीस वर्षं त्याने भूमिती शिकवली होती, पण मास्तर एकदा झाला की त्याला सगळं येतं, निदान त्याच्या मते. त्याने चहा मागवला, कागदावर दोन ओळी आखल्या, एक वरचे दात, एक खालचे, आणि म्हणाला, "सगळी अडचण 'थे'मध्ये आहे. जीभ दातांच्या मधून बाहेर काढायची. साधारण काटकोनात."

आक्कांनी काढली. जोरात काढली, कारण अर्धवट काम त्यांना खपत नाही. वरची कवळी सुटली ती थेट मास्तरच्या बशीत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याच्या चहात शेवटी दात पडायचेच, असं आक्का नंतर म्हणाल्या, पण त्या क्षणी दोघंही बशीकडे बघत राहिले. मास्तरने चष्मा पुसला. "कोन जास्त झाला," तो म्हणाला.

मग दातांच्या डॉक्टरकडे कवळी घट्ट करायला जाणं आलं. त्याने विचारलं, "खाताना हलते का?" आक्का म्हणाल्या, "खाताना नाही, 'थे'ला हलते." त्याने असं दुखणं ऐकलं नव्हतं. कवळी त्याने अशी घट्ट केली की 'थे' जागेवर बसला, पण पुढच्या 'सि'ला शिट्टी वाजायला लागली. खालचा वॉचमन दोनदा वर येऊन गेला, कुणी बोलावलं म्हणून.

"शिट्टी आमच्याकडेही आहे," लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला. "वाफ साठली की वाजते. जरा सैल सोडा, जाईल."

त्याच्याकडून एवढ्या तेवढ्यात पुष्कळ कळायचं. लहान मापाच्या कोटावर चहाचा डाग होता. दुसऱ्या दिवशी खिशात पित्ताच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं. "वेळेवर जेवत नसणार," आक्का म्हणाल्या. "कोण जेवतं इथे वेळेवर," तो म्हणाला. त्याची बायको गेली त्याला चार वर्षं झाली होती, आणि यंत्रांच्या घरघरीने डावा कान गेला होता. फोन तो उजव्यावर धरायचा आणि चादरी मोजत मोजत बोलायचा, "बावीस, तेवीस, हं बोला, चोवीस." आक्का आधी रागावायच्या. मग मध्ये त्याचा आकडा चुकला तर त्याच सांगायला लागल्या.

पुढचा सल्ला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा. तो म्हणाला, "आक्का, मोठी गोळी आपण तोडून घेतो की नाही? शब्दाचं तसंच. सात तुकडे होतात." आक्कांकडे त्याच्याच दुकानातली गोळ्यांची डबी होती, सात वारांचे सात कप्पे. त्याने प्रत्येक कप्प्यावर एकेक तुकडा चिकटवून दिला. सोमवार 'अ‍ॅ', मंगळवार 'नेस्', बुधवार 'थे', मग 'सि', 'ऑ', 'लॉ' आणि रविवारी 'जी'. "रोज गोळी घेताना त्या दिवसापासून सुरू करून सातही म्हणायचे," त्याने सांगितलं. त्याला म्हणायचं होतं, आधी त्या दिवसाचा तुकडा घोटायचा, आणि मग अख्खा शब्द 'अ‍ॅ'पासून म्हणायचा. पण औषधवाल्याने सांगितलेलं आक्का अक्षरशः पाळतात, उगाच का त्या त्र्याहत्तर वर्षांच्या झाल्या. गुरुवारी त्यांचा शब्द 'सि'पासून सुरू झाला. शुक्रवारी 'ऑ'पासून. सोमवारी 'अ‍ॅ'पासून, तर नेमकी 'सि'ला शिट्टी वाजली. जीभ हळूहळू वळू लागली, शिट्टीही कमी झाली, तुकडे असे स्वच्छ पडायला लागले की मास्तरनेही मान डोलावली. फक्त यंत्र काही केल्या ऐकेना. आक्कांना वाटलं, बयेने मनात धरलंय.

आणि मग तो बुधवार. कवळीने हिरडी सोलली होती म्हणून ती काढून वाटीत ठेवलेली, आणि आक्का बोळक्या तोंडाने खोलीत येरझाऱ्या घालत म्हणत होत्या, "थे-सि-ऑ-लॉ-जी-अ‍ॅ-नेस्." समोरच्या दारातल्या शेजारणीने ते ऐकलं. तिने आठवड्यापूर्वीच कुठेतरी वाचलं होतं, की माणसाची जीभ जड झाली, बरळायला लागला, तर एक क्षणही दवडू नये. तिने दवडला नाही. मास्तर वर आला, वॉचमन वर आला, औषधवाला दुकान उघडं टाकून आला, आणि आक्का "अरे मला काय झालंय" म्हणेपर्यंत, म्हणजे कवळीशिवाय जे काही म्हणता येतं ते म्हणेपर्यंत, त्यांना खुर्चीसकट खाली नेलं होतं. खुर्चीसकट. सगळा जिना बघत होता. आक्कांच्या लग्नाच्या वरातीलासुद्धा इतकी माणसं नव्हती.

जवळच्या दवाखान्यातला डॉक्टर कोवळा होता. "आजी, जरा हसून दाखवा बघू."

"कशाला? हसण्यासारखं काय घडलंय?"

"दोन्ही हात वर करा."

केले. त्यातला एक शेजारणीला लागला, तो मुद्दाम नव्हता असं आक्का सांगतात.

"ठणठणीत आहात," डॉक्टर म्हणाला. "मग बरळत काय होता?"

आक्कांनी मान ताठ केली आणि तो शब्द म्हणून दाखवला. डॉक्टर ओळखीच्या वस्तूकडे उलट्या बाजूने बघावं तसा बघत राहिला. "आजी, तो 'अ‍ॅ'पासून सुरू होतो."

"आज बुधवार आहे," आक्का म्हणाल्या.

डॉक्टरने शेजारणीकडे पाहिलं, मग कागदावर काहीतरी खोडलं आणि दोन तास देखरेखीखाली ठेवायला सांगितलं.

नर्स कागद भरायला आली. नाव, वय, जवळचं माणूस, त्याचा फोन. "लेक आहे ना डॉक्टर," शेजारीण पुढे सरसावली, "मी लावते तिला."

"खबरदार," आक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शेजारीण मागे सरली. लेक घाबरून धावत आली असती, उशाशी बसली असती, सगळं विसरली असती. आजारी आईला कोण माफ करत नाही? तसली माफी आक्कांना फुकटात नको होती.

"एक तरी नंबर द्या," नर्स म्हणाली. "रकाना रिकामा चालत नाही."

आक्कांना एकच नंबर तोंडपाठ होता. नर्सने तो लावला, "हॅलो, हॅलो" म्हटलं, पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं, आणि मग तिचा चेहरा बदलला. फोनवर हात ठेवून तिने विचारलं, "तुमच्या घरच्यांची लॉन्ड्री आहे का?"

आक्कांनी फोन घेतला. "काही नाही झालेलं. सराव जास्त झाला, एवढंच."

पलीकडे घरघर थांबली होती. त्याने यंत्र बंद केलं असावं. "अहो आक्का, जिवाला जपा," तो म्हणाला. "शब्द कुठे पळून जातोय." मग जरा थांबून, "आज अकराला फोन नाही आला, तेव्हाच म्हटलं."

रकान्यात नर्सने काय लिहिलं ते आक्कांनी विचारलं नाही.

चार दिवस हिरडी बरी होईपर्यंत सराव बंद. पाचव्या दिवशी कवळी नीट बसली. आक्कांनी डबी उघडली, गोळी घेतली, आणि कप्प्यावर बोट ठेवलं. 'अ‍ॅ'. त्या दिवशी सोमवार होता.

अकरा वाजता त्या फोनपुढे बसल्या. यंत्राने खातं विचारलं. आक्कांनी सातही तुकडे एका दमात, न थबकता, शिट्टी न वाजवता म्हटले. यंत्र "थँक यू" म्हणालं. हे त्यांनी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आक्का आपसूक सावरून बसल्या. घंटी वाजली.

"हॅलो, बोला." लेकीचाच आवाज, पण घरातला नाही. कामावरचा, इस्त्री केलेला.

"अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी," आक्का म्हणाल्या.

"हो, तेच खातं. बोला."

आणि तेव्हा आक्कांच्या ध्यानात आलं, की मास्तर झाला, दातवाला झाला, औषधवाला झाला, सगळ्यांनी मिळून हा एक शब्द शिकवला. त्याच्या पुढचा शब्द कुणीच शिकवला नव्हता.

"कोण बोलतंय?"

"मी."

पलीकडे काहीतरी धातूचं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "आई? काय झालं? पडलीस का?"

"पडेन कशाला."

"मग इथे कसा केलास? कुणी जोडून दिला?"

"कुणी नाही. खात्याचं नाव सांगितलं, यंत्राने जोडला."

"तू सांगितलंस? पूर्ण?"

"अर्धं सांगून जोडतात होय?"

मागे एक ठोका एकसारखा टिकटिकत होता. कुणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली. लेक हसली की तिने नाक ओढलं, ते आक्कांना नक्की सांगता येणार नाही, फोनमध्ये दिसत नाही.

"जेवलीस का?" शेवटी लेकीने विचारलं.

"अकरा वाजता?"

"नाही, असंच." पुन्हा हाक आली. "आई, पेशंट आत घेतलाय. मी रविवारी करते. नक्की करते."

"जा तू. त्याला ताटकळत नको ठेवू. आणि पित्ताच्या गोळ्या उपाशीपोटी खाऊ नकोस."

"तुला कसं..." लेक म्हणाली, पण तिसरी हाक आली आणि फोन बंद झाला.

दीड मिनिट. आक्का फोन मांडीवर घेऊन बसल्या. जमलं होतं. लेक रविवारी फोन करणार होती, आणि नक्की म्हणाली की ती करते, ते मात्र आईवर गेलं आहे. रविवारला सहा दिवस होते. खोलीत पंखा फिरत होता. एवढी मोठी गोष्ट घडली आणि सांगायला घरात पंखाच, हे काही बरं नव्हतं. आक्कांनी दार उघडलं. समोर कुलूप. खाली मास्तर चष्म्याच्या दुकानात गेलेला. औषधवाल्याकडे गर्दी असणार, आणि गर्दीत उभं राहून आनंद सांगायचा तर आधी नंबर लावावा लागतो.

त्या परत येऊन बसल्या. पुन्हा तोच नंबर फिरवला. यंत्राने आदबीने खातं विचारलं.

आक्कांनी उभ्या आयुष्यात जाणूनबुजून चूक केली नव्हती. ती कशी करतात हे त्यांना जरा आठवावं लागलं. मग त्यांनी 'थे'पासून सुरुवात केली. यंत्र सॉरी म्हणालं. दुसऱ्यांदा 'सि'पासून. तिसऱ्यांदा सावकाश, एकेक तुकडा वेगळा करून, नीट चुकीचं.

"लॉन्ड्री," तो म्हणाला, आणि लगेच, "आक्का का? साडेअकरा झाले, म्हटलं, जमलं वाटतं तुम्हाला. दोनदा मोजल्या, दोनदा चादरी कमी भरल्या माझ्या." घरघरीवरून त्याने आवाज चढवला. "मग? जमलं का?"

आक्कांनी तोंड उघडलं. सातही तुकडे जिभेवर ओळीने उभे होते, एक इकडचा तिकडे नाही.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "'थे'लाच अडतं."

"असू द्या. उद्या परत बघा."

"बघेन की," आक्का म्हणाल्या. "अकराला. तुम्ही मोजा आता, मी ऐकते."